अहमदनगरचा भुईकोट किल्ला आणि रणगाडा संग्रहालय

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) शहराच्या पूर्व अंगाला असलेला निजामशाही भुईकोट आणि त्याच बाजूस भिंगार छावणीच्या परिसरात, फराहबागेजवळ असलेले ‘कॅव्हलरी टँक म्युझियम’ ही भारतीय लष्कराच्या देखरेखीखालील दोन प्रेक्षणीय स्थळे. किल्ल्याचा ताबा निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम, पेशवे, शिंदे, इंग्रज व स्वतंत्र भारताचे लष्कर असा बदलत गेला, पण तो लष्करी ठाणे म्हणून कायम राहिला. संग्रहालय १९९४ साली आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या चिलखती (रणगाडा) दलाच्या प्रशिक्षण केंद्राने उभे केले. ही दोन्ही स्थळे एकाच फेरीत पाहावीत. एकाचा इतिहास दुसऱ्यावाचून अपुरा राहतो.

किल्ल्याचा काळ : किल्ल्याच्या स्थापनेचे साल बहुतेक ठिकाणी १४९० असे दिले जाते. बहमनी सरदार जहांगीरखान याच्या फौजेवर मलिक अहमदने (पुढचा अहमद निजामशहा) २८ मे १४९० रोजी विजय मिळवला. लढाईच्या जागेजवळ त्याने बाग व वाडा बांधला आणि पुढे त्याभोवती कोट घातला, ही परंपरा सर्वमान्य आहे. शहराचा वर्धापनदिनही २८ मे रोजीच साजरा होतो. जुन्या गॅझेटिअरात मात्र शहर वसवल्याचे साल १४९४ दिले आहे. या दोन सालांत खरा विरोध मानण्याचे कारण नाही. १४९० हे विजयाचे व स्वतंत्र सत्तेच्या प्रारंभाचे वर्ष आहे आणि नगररचना त्यानंतर काही वर्षांनी आकाराला आली, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा आज दिसणाऱ्या तटाचा आहे. अहमद निजामशहाचा कोट मातीचा होता. हुसेन निजामशहाच्या (कारकीर्द १५५३–१५६५) काळात १५५९ च्या सुमारास घडीव दगडाचे बांधकाम सुरू झाले आणि १५६२ पर्यंत ते पुरे झाले. सध्याचा तट, बुरूज व खंदक यांचे मूळ रूप या दुसऱ्या टप्प्यातले आहे. म्हणून ‘१४९० चा किल्ला’ हे वर्णन जागेला लागू पडते, दगडाला नाही. माहितीफलकांवर व पुस्तिकांत हा भेद सहसा पाळला जात नाही. तो पाळायला हवा, कारण या दोन तारखांच्या दरम्यान दख्खनमधल्या तोफा पार बदलल्या होत्या. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरातच ओतली गेली. आपल्याच राजधानीत असल्या तोफा ओतल्या जात असताना राज्यकर्त्यांनी मातीच्या कोटावर विसंबून राहू नये, हे ओघानेच आले.

रचना : किल्ला साधारण वर्तुळाकार असून त्याचा घेर मैलाहून किंचित अधिक आहे. बुरुजांच्या संख्येबाबत एकवाक्यता नाही. १८०३ च्या वेढ्याच्या सुमारास केलेल्या वर्णनात २४ बुरूज, एक मोठा दरवाजा व तीन लहान चोरदरवाजे सांगितले आहेत. अलीकडच्या नोंदींत बहुधा २२ हा आकडा येतो. दरवाजाच्या जोडबुरुजांची गणना वेगवेगळ्या पद्धतीने झाल्यामुळे हा फरक पडला असावा. आजच्या स्थितीसाठी २२ हा आकडा स्वीकारणे बरे.

तटाभोवती दोन्ही बाजूंनी दगडाने बांधून काढलेला खंदक आहे. त्याच्या बाहेरच्या कडेपासून मैदानाकडे मातीचा लांब उतार केलेला आहे. या उतारामुळे दूरवरून तटाचा फक्त वरचा भाग दिसतो आणि पायथा झाकलेला राहतो. तोफेचा गोळा पायथ्यावर नीट बसल्याशिवाय तटाला खिंडार पडत नाही. त्यामुळे डोंगराचा आधार नसलेल्या या सपाट जागी संरक्षणाचा सगळा भार खंदकावर व उतारावर आहे. सह्याद्रीतील गिरिदुर्ग पाहायची सवय असलेल्याला हा किल्ला प्रथमदर्शनी बुटका वाटतो, परंतु त्याचे सामर्थ्य त्या बुटकेपणातच आहे. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर लगेच मागे न वळता तटावरून, जिथपर्यंत परवानगी असेल तिथपर्यंत, फेरी मारावी. उताराचा हिशेब तेथूनच कळतो.

वेढे व सत्तांतरे : १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याच्या मोगल फौजेने किल्ल्याला वेढा घातला. निजामशाही राजकन्या चांदबीबीने किल्ला लढवला. मोगलांच्या सुरुंगांपैकी काही आतून शोधून निकामी करण्यात आले. फेब्रुवारी १५९६ मध्ये एका सुरुंगाने तटाला मोठे खिंडार पडले, तेव्हा ते रातोरात बुजवून काढले गेले. अखेर वऱ्हाड मोगलांना देऊन तह झाला. १६०० च्या वेढ्यात किल्ला पडला. चांदबीबीच्या अंताविषयी समकालीन इतिहासकार फिरिश्ता याचा वृत्तांत, म्हणजे तहाची बोलणी केल्याचा आरोप ठेवून तिच्याच लोकांनी तिला मारले हा, अधिक विश्वसनीय मानला जातो. तिने विहिरीत उडी घेतल्याची कथा उत्तरकालीन दिसते. शहराबाहेरच्या डोंगरावरील ‘चांदबीबी महाल’ ही प्रत्यक्षात सलाबतखान (दुसरा) याची कबर आहे. चांदबीबीचे खरे स्मारक पाहायचे तर ते या तटावरच पाहावे लागते.

मोगल काळातील माहिती त्रोटक आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये पेठेवर छापा घातला, तरी किल्ला मोगलांकडेच राहिला. औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये भिंगारजवळच्या छावणीत झाला. १७५९ मध्ये हैदराबादच्या निजामाचा किल्लेदार कवीजंग याला वश करून पेशव्यांनी किल्ला न लढता मिळवला. पुढच्याच वर्षी निजामाशी झालेल्या उदगीरच्या लढाईचे हे एक कारण होते. १७९७ मध्ये किल्ला दौलतराव शिंदे यांच्याकडे गेला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पकडले गेलेले नाना फडणवीस काही महिने येथे कैदेत होते. राजकीय कैदी ठेवण्याची या किल्ल्याची परंपरा इंग्रजांच्या आधीची आहे, ती अशी.

इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याने ८ ऑगस्ट १८०३ रोजी शिड्या लावून पेठ घेतली, १० तारखेला किल्ल्यावर तोफा डागायला सुरुवात केली आणि १२ तारखेला किल्ला ताब्यात घेतला. या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर तो पेशव्यांना परत मिळाला. जून १८१७ च्या पुणे तहाने मात्र तो कायमचा इंग्रजांकडे गेला. याच तहात दुसऱ्या बाजीरावाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली घोडदळ उभारण्याची तरतूद होती. तीतून ‘पूना ऑक्झिलियरी हॉर्स’ जन्माला आली, तीच आजची पूना हॉर्स किंवा १७ हॉर्स ही चिलखती रेजिमेंट. किल्ला आणि संग्रहालय यांना जोडणारा हा धागा स्थानिक माहितीत फारसा सांगितला जात नाही.

बंदिवास : दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातील कैदी व पहिल्या महायुद्धात स्थानबद्ध केलेले जर्मन नागरिक अहमदनगरास ठेवले गेले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा सदस्यांना किल्ल्यात आणण्यात आले. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव हे ते नेते. नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या काळात येथेच लिहिला. मार्च १९४५ मध्ये त्यांना येथून हलवले. आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे याच तुरुंगात लिहिली. त्यांच्या पत्नीचे १९४३ मध्ये कलकत्त्यास निधन झाले, तेव्हा ते येथे बंदिवान होते. नेत्यांच्या खोल्या स्मारक म्हणून राखल्या आहेत. बहुतेक अभ्यागत या खोल्यांसाठीच येतात आणि तट न पाहता परततात.

छावणी ते चिलखती दल : पहिल्या महायुद्धानंतर मशीनगन प्रशिक्षण अहमदनगरला आले. त्यातूनच पुढे रणगाडे व चिलखती मोटारींची शाळा घडली. १९३८ मध्ये १३ लान्सर्स व सिंध हॉर्स या रेजिमेंटांनी घोडे सोडून यंत्रवाहने स्वीकारली आणि भारतीय घोडदळाच्या यांत्रिकीकरणास आरंभ झाला. त्या संक्रमणाचा प्रशिक्षणाचा बराच भार नगरने उचलला. १९४८ मध्ये प्रशिक्षणशाळा, भरती केंद्र व डेपो एकत्र करून सध्याचे केंद्र स्थापन झाले. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे (चिलखती वाहनांतून लढणाऱ्या पायदळाचे) रेजिमेंटल सेंटर आणि डीआरडीओची वाहन संशोधन व विकास संस्था (व्हीआरडीई) याही नगरलाच आहेत. के. के. रेंज म्हणून ओळखले जाणारे सरावक्षेत्र जवळच आहे. त्याच्या विस्तारासाठीच्या भूसंपादनाचा प्रश्न राहुरी, पारनेर व नगर तालुक्यांतील गावांना दीर्घकाळ भेडसावत आला आहे.

संग्रहालय : येथे सुमारे ५० रणगाडे व चिलखती वाहने आहेत. ‘आशियातील एकमेव’ असे त्याचे वर्णन केले जाते. इस्राएलमधील लात्रुनचे रणगाडा संग्रहालय पाहता ते शब्दशः घेता येत नाही, पण भारतात या विषयाला वाहिलेला असा दुसरा संग्रह नाही. सर्वांत जुने प्रदर्शित वाहन रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटार आहे. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश माटिल्डा, व्हॅलेंटाइन व चर्चिल, अमेरिकी स्टुअर्ट, जपानी टाइप ९५ आणि जर्मन आठचाकी चिलखती गाडी जवळजवळ पाहता येतात. जपानी रणगाड्याचे चिलखत जेमतेम १२ मिमी, तर चर्चिलच्या सातव्या प्रकाराचे समोरचे चिलखत १५२ मिमी. हा फरक आकड्यांत वाचून कळत नाही, दोन्ही वाहनांजवळ उभे राहिल्यावर कळतो. स्टुअर्टपुढे थांबावे : याच जातीचे रणगाडे ७ लाइट कॅव्हलरीने नोव्हेंबर १९४८ मध्ये काश्मीरमधील झोजीला खिंडीत चढवले होते.

स्वातंत्र्योत्तर विभागात फ्रेंच एएमएक्स-१३, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आणि चेन्नईजवळच्या आवडी या गावी बांधलेला विजयंत ही वाहने महत्त्वाची आहेत. चिलखती दलाला आजवर मिळालेली दोन्ही परमवीरचक्रे पूना हॉर्सची आहेत. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे मुंबईत जन्मलेले अधिकारी १६ सप्टेंबर १९६५ रोजी चाविंडाच्या लढाईत, तर पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले. मागे येण्याचा आदेश मिळूनही खेत्रपाल यांनी पेटलेला ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन सोडला नाही, कारण त्याची तोफ चालू होती. तो रणगाडा दुरुस्त करून नगरच्या केंद्रात जतन केला आहे. पुणे तहातून निघालेल्या पलटणीचे हे वाहन, त्याच तहाने गेलेल्या किल्ल्याच्या गावी आहे.

भेट : दोन्ही स्थळे लष्करी हद्दीत असल्याने छायाचित्रासह ओळखपत्र बाळगावे, छायाचित्रणाचे नियम प्रवेशद्वारावरच विचारून घ्यावेत आणि खुल्या भागापलीकडे जाऊ नये. पुण्याहून अंतर सुमारे १२० किमी आहे. रणगाडे बहुतांशी उघड्यावर असल्याने उन्हाळ्यात सकाळी संग्रहालय आणि नंतर किल्ला असा क्रम सोयीचा पडतो. संग्रहालयालगतचा फराहबागेचा पडका महाल हे केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असून त्याचे बांधकाम १५८३ मध्ये पुरे झाले. तो त्याच फेरीत पाहून होतो.