झाडे लावली की निसर्ग सावरतो?

स्थानिक संस्थेने भरपूर झाडे लावली की जैवविविधता आपोआप वाढते, हा वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. जुन्या गवताळ माळावर दाट रोपे लावली, तर सावलीमुळे रानफुले नाहीशी होतात आणि त्यांच्यावर जगणारी फुलपाखरेही जातात. म्हणून आधी कोणता अधिवास कुठे शिल्लक आहे, याचा नकाशा हवा. इंग्लंडमध्ये २०२१ च्या पर्यावरण कायद्याने असा नकाशा असलेले निसर्गसंवर्धनाचे स्थानिक आराखडे बंधनकारक केले. शिवाय मोठ्या बांधकाम प्रकल्पांना जैवविविधतेत किमान १० टक्के वाढ साधून ती ३० वर्षे टिकवावी लागते. रस्त्याकडेचे गवत मात्र फुलांचे बी पडल्यावरच कापावे आणि कापलेले तिथून आवर्जून उचलावे, कारण ते कुजून माती सुपीक झाली की जोमदार गवत रानफुलांना दडपून टाकते.