जाळी अडकलीय की स्विच फसवतोय?

कुंद्याची, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईची, कढई चढवायची वेळ आणि पेलेट बर्नर (भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटांवर, चालणारी भट्टी) सफाईत थांबलेला. पडद्यावर जाळीचा, म्हणजे जिच्यावर पेलेट जळतात तिचा, अलार्म दिसला की बहुतेकांचा हात आधी हातोडीकडे जातो. पण हाच अलार्म मुख्यतः दोन वेगळ्या बिघाडांत येतो. एकात जाळी खरोखर अडकलेली असते. दुसऱ्यात ती नीट फिरते, पण जागेवर आल्याची खबर कंट्रोल बोर्डापर्यंत पोचत नाही. पहिल्याला खरवडणी लागते, दुसऱ्याला मल्टिमीटर.

सफाईच्या वेळी गिअर मोटर मिनिटाला जेमतेम काही फेरे घेत कॅम (जाळीला ढकलणारी शाफ्टवरची चकती) फिरवते, जाळी सरकते, राख ट्रेत पडते. जाळी मूळ जागी आली की लिमिट स्विचची (जाळी जागेवर आल्याचं सांगणाऱ्या छोट्या स्विचची) पट्टी दाबली जाते. ठरलेल्या सेकंदांत ती दाबली गेली नाही की बोर्ड अलार्म देऊन भट्टी थांबवतो. जाळी कुठे आहे, हे बोर्डाला दिसत नाही. त्याला फक्त स्विच कळतो.

म्हणून आधी कान लावा. मोटर गुरगुरून अर्ध्यात थबकली तर अडकण. मोटर मोकळी फिरली, जाळी पूर्ण जाऊन परत आली आणि नंतर अलार्म वाजला, तर संशय स्विचवर. मोटर फिरतेय पण जाळी हलतच नाही, असं असेल तर कॅमला शाफ्टवर घट्ट धरणारा बिनडोक्याचा छोटा ग्रब स्क्रू बघा. तो ढिला होऊन कॅम शाफ्टवर नुसता घसरतो आणि लोक उगाच नवी मोटर आणतात.

अडकण असेल तर प्लग काढा आणि भट्टी पूर्ण थंड होऊ द्या. राखेत तासन्‌तास निखारे टिकतात, तेव्हा राख झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यातच काढा. मग जाळी आणि मोटर जोडणारी पिन काढून जाळी हाताने हलवा. पिन न काढता जोर लावू नका: मोटरमधला वर्म गिअर (स्क्रूसारखा गिअर) उलटा फिरत नाही, दात मात्र तुटतात.

अडकलेला तुकडा चिमटीत दाबून पाहा. भुगा झाला तर साधी राख. ट्रे वेळेवर रिकामा झाला नाही, इतकंच. काचेसारखा कडक, भोकाभोकांचा निघाला तर तो क्लिंकर, म्हणजे वितळून गोठलेली राख, आणि त्याचं मूळ पेलेटात आहे. खानापूरकडच्या सॉमिलच्या स्वच्छ भुशाच्या पेलेटात राख साधारण एक टक्क्याच्या आत राहते आणि सहसा वितळत नाही. उसाच्या पाचटाच्या किंवा शेतातल्या काडीकचऱ्याच्या पेलेटात राख कितीतरी जास्त, शिवाय पोटॅशियम आणि सिलिका. ही जोडी ८००–९०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, जाळीच्या फटीत शिरते आणि थंड झाल्यावर दगड होते. म्हणून रात्री चाललेला बर्नर सकाळच्या पहिल्या सफाईत अडकतो. भुशात माती असली तरी हेच होतं. स्वस्त पोत्यात वाचलेले पैसे इथे जातात.

क्लिंकर खरवडून काढा, हवेची सगळी भोकं तारेने मोकळी करा. जाळीच्या कडेला खाण्याचं किंवा इंजिनचं तेल लावू नका; ते जळून कोळसा होतं आणि पुढची अडकण तयार करतं. पिनवर उच्च तापमानाचं तांब्याचं ग्रीस पुरेसं आहे. पिन झिजली असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या लेथवर नवी करून मिळते, जुनी सोबत न्यावी.

स्विचचं काम त्यामानाने झटपट. प्लग काढलेलाच ठेवून स्विचच्या वायरी सोडवा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (वाट जोडलेली असली की बीप देणाऱ्या खुणेवर) लावा आणि पट्टी दाबून-सोडून बघा. बीप दोन्ही वेळा सारखाच, किंवा कधी येतो कधी नाही, तर स्विच बदला. बीप नीट असेल तर पट्टीखालची राख ब्रशने झाडा, कनेक्टर घट्ट करा, उष्णतेने करपलेली वायर शोधा. थंड असताना ठीक आणि भट्टी तापल्यावरच अलार्म, ही बहुधा सैल कनेक्टरची खूण असते.

एक तिसरी गोष्ट, दोन्हीत न बसणारी: सफाई चालू असताना वीज गेली तर जाळी अर्ध्यावरच राहते आणि वीज आल्यावर तोच अलार्म येऊ शकतो. तेव्हा काही उघडण्याआधी एकदा रीसेट करून सफाई पुन्हा चालवा. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर ते मोजून घ्या, कमी दाबात चांगली मोटरही गुरगुरते.