वॉशिंग्टन हे आडनाव मूळचं कुठलं?

जॉर्ज वॉशिंग्टन यांचं आडनाव हे ईशान्य इंग्लंडमधल्या, पूर्वी डरहॅम परगण्यात असलेल्या एका गावाचं नाव. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ लागतो, तसा मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गावाच्या नावाआधी ‘द’ (de) लागायचा.

गावाचा माग काढायला निघालं की अभ्यासक आधी डोम्सडे बुक उघडतात. १०८६ मधली इंग्लंडच्या जमीनजुमल्याची ही नोंदवही फार मोलाची, पण डरहॅम तिच्यात नाही. तिथे उपयोगी पडतं बोल्डन बुक. डरहॅमचे बिशप ह्यू द प्युसे यांनी ११८३ मध्ये आपल्या गावांची आणि त्यांच्याकडून येणाऱ्या महसुलाची नोंद करून घेतली, तेच हे. त्यात विल्यम द हर्टबर्न भेटतो. त्याने हर्टबर्न गाव सोडलं आणि बदल्यात वेसिंग्टन, म्हणजे आजचं वॉशिंग्टन, घेतलं, चर्च आणि त्याची जमीन वगळून. महसूल चार पौंड. शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचं. गाव बदललं तसं त्याचं नावही बदललं. तो विल्यम द वेसिंग्टन झाला. आडनावाचा जन्म इतक्या जवळून दाखवणारा कागद क्वचितच हाती लागतो.

पण नुसत्या नावावर विसंबता येत नाही. दक्षिणेला ससेक्समध्येही वॉशिंग्टन आहे आणि त्याचा उल्लेख तर दहाव्या शतकातल्या सनदेत सापडतो. म्हणून एकेका पिढीचा दुवा कागदाने जोडावा लागतो, आणि खरी कसोटी तिथेच लागते.

१७९१ मध्ये लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचे, म्हणजे घराण्यांची मानचिन्हं आणि वंशावळी नोंदवणाऱ्या संस्थेचे, आयझॅक हर्ड यांनी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनाच पत्र लिहून घराण्याची माहिती विचारली. या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, असं वॉशिंग्टन यांनी कळवलं; पणजोबा जॉन आणि त्यांचा भाऊ लॉरेन्स उत्तर इंग्लंडमधून अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आले, एवढीच घरातली आठवण त्यांनी सांगितली. हर्ड यांनी याच नावांची भावांची एक जोडी शोधून वंशावळ जुळवली. १८६६ मध्ये वंशावळींचे अभ्यासक जोसेफ चेस्टर यांनी ती मोडीत काढली. त्या जोडीतला जॉन हा सर किताबाचा सरदार होता आणि लॉरेन्स धर्मगुरू. व्हर्जिनियाला गेलेले भाऊ ते नव्हेतच.

कोडं सुटलं ते हेन्री वॉटर्स या दुसऱ्या वंशावळ-अभ्यासकाच्या १८८९ च्या शोधाने. हर्ड यांनी चुकीच्या जागी बसवलेला तो धर्मगुरू लॉरेन्स हाच स्थलांतर करणाऱ्या जॉनचा बाप निघाला! एसेक्समधल्या पर्लीचा हा पाद्री १६४३ मध्ये पदावरून दूर केला गेला होता आणि त्याचं कुटुंब हर्टफर्डशरमधल्या ट्रिंगला राहत होतं. तिथली चर्चची नोंदवही आणि वारसाहक्काचे कागद यांतून हा दुवा जुळला. पर्लीच्या पाद्र्यापासून मागे गेलं की १५३९ मध्ये नॉर्दम्प्टनशरमधल्या सल्ग्रेव्हची जहागीर विकत घेणारा लॉरेन्स लागतो, त्याच्यामागे उत्तर इंग्लंडच्या लँकेशरमधलं वॉर्टन हे गाव. म्हणजे घरातली ती उत्तरेची आठवण अगदीच खोटी नव्हती. ती पणजोबांच्या कितीतरी पिढ्या आधीची होती.