‘चार्ज’मध्ये नेमकं भरलंय काय?

डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आमच्या डेस्कवर एक शब्द दिवसातून दहादा हाताखालून जातो. कुण्या अधिकाऱ्याने चार्ज घेतला, कुठे चार्जशीट दाखल झाली, कुठे लाठीचार्ज झाला, कुठे जास्तीचा चार्ज लावला म्हणून तक्रार. रात्री घरी निघावं तर व्हरायटी चौकातला ई-रिक्षावाला लांबूनच हात हलवतो, "नाही जमत भाऊ, चार्जिंग संपून राहिली." बातमीत आम्ही दर ठिकाणी वेगळा मराठी शब्द घालतो: कार्यभार, आरोपपत्र, लाठीमार, आकार. रिक्षावाल्याच्या चार्जिंगला मात्र कोणी हात लावत नाही. इंग्रजीत ही सगळी कामं एकाच क्रियापदाकडे, आणि ते मुळात बंडी, म्हणजे बैलगाडी, भरणारं क्रियापद आहे.

लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे माल वाहायची गाडी. शब्द रोमन लोकांचा स्वतःचा नव्हे, त्यांनी तो आजच्या फ्रान्सकडच्या गॉल टोळ्यांकडून उचलला. रस्ते बांधावेत रोमनांनी, पण गाड्यांची नावं गॉलांचीच. इसवी सनापूर्वी ५८ साली आजच्या स्वित्झर्लंडमधली हेल्वेती नावाची जमात गाड्या भरून सारं बिऱ्हाड घेऊन निघाली. ज्युलियस सीझरने गाठलं, तेव्हा त्याच गाड्या आडव्या लावून तटबंदी करून ती लढली. पुढे उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कार्रुस’वरून ‘कारिकारे’ झालं, म्हणजे गाडीत माल भरणे. फ्रेंचांच्या तोंडी त्याच्या सुरुवातीच्या ‘का’चा ‘चा’ झाला आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, ज्ञानेश्वर जन्मायच्याही आधी, तो इंग्रजीत दिसू लागला. तेव्हा अर्थ एवढाच: ओझं लादणे.

हा ‘का’चा ‘चा’ होण्याचा प्रकार फ्रान्सच्या मधल्या भागातला. उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीने ‘का’ तसाच ठेवला, आणि इंग्लंडवर राज्य आलं ते या नॉर्मनांचं. म्हणून इंग्रजीत दोन्ही चवी सापडतात. कार आणि कॅरी नॉर्मन वाटेने आले, चार्ज दुसऱ्या वाटेने, कार्गो स्पॅनिशमधून. सगळी एकाच बंडीतली मंडळी. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच बघताना आपण कॅच आणि चेस हे दोन शब्द तासाला वीसदा ऐकतो, तीही अशीच एका लॅटिन शब्दाची दोन लेकरं. व्यंगचित्राला इंग्रजीत कॅरिकेचर म्हणतात, तेही या गाडीतलंच: इटालियनमध्ये ‘कारिकारे’ म्हणजे भरणे, तसंच अतिशयोक्ती करणे. नाक जरा जास्तच भरलं की झालं कॅरिकेचर.

बंडी भरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कापसाची बंडी मागे जास्त भरली तर उलार होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरली तर धुरजड, सगळा भार बैलांच्या मानेवर. धुरकरी खाली उतरून एकदा मागून, एकदा बाजूने बघतो, दोन गाठोडी सरकवतो आणि मगच कासरा हातात घेतो. त्या घटकेपासून माल त्याच्या अंगावर. भरणं, पेलणं आणि सांभाळणं या गोष्टी तिथे वेगळ्या काढताच येत नाहीत. ‘चार्ज’च्या पोटी जबाबदारीचा अर्थ आला तो असा, आणि तोही बराच लवकर.

मग बंदुका आल्या. सोळाव्या शतकात तोफेत, बंदुकीत दारू ठासण्यालाही इंग्रज चार्ज करणे म्हणू लागले. आपल्याकडे याला काय म्हणत? बार भरणे. हा ‘बार’ फारसी, आणि फारसीत बार म्हणजे ओझं. कळमन्याच्या बाजारात धान्य मोजताना ज्याचं वजन वजा करतात ते ‘बारदान’ याच शब्दाचं: ओझं ठेवायचं ते. संस्कृतमधला ‘भार’ तर या फारसी ‘बार’चा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे इंग्रज आणि आपण, एकमेकांना न विचारता, ओझ्याच्याच शब्दाने बंदूक भरत होतो. ‘फुसका बार’ म्हणताना आपण जो शब्द वापरतो, त्याचं अचूक इंग्रजी भाषांतर ‘चार्ज’ आहे. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला असं काही सापडलं की दिवस सार्थकी लागतो, बाकी घरच्यांना त्याचं काही नसतं.

विजेचा चार्ज या बंदुकीतूनच निघाला. १७४५-४६ च्या सुमारास युरोपात लायडनची बरणी निघाली. काचेची बरणी, तिला आतून-बाहेरून धातूचा पत्रा, आणि तिच्यात घर्षणाची वीज साठवायची. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने या बरण्यांवर प्रयोग केले आणि वीज साठवण्याला तोफेच्या भाषेत चार्ज करणे म्हटलं. अनेक बरण्या एका ओळीत जोडल्या, तर त्या ओळीला नाव दिलं बॅटरी. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. आपल्या खिशातल्या मोबाइलची सगळी बोली तोफखान्यातली आहे, हे चार्जर शोधत घर पालथं घालताना कोणाच्या लक्षात येत नाही. शाळेच्या पुस्तकातला ‘विद्युतप्रभार’ही पुन्हा ‘भार’च. भारनियमनातला भार वेगळा, तो लोडचा. पण त्याची ओळख आपल्याला सगळ्यात आधी झाली, उन्हाळ्यात.

हल्ल्याचा अर्थही सोळाव्या शतकातला. भाला समोर रोखण्यालाही चार्ज म्हणत, आणि मग तशा रोखलेल्या भाल्यानिशी अंगावर धावून जाण्यालाही. या अर्थाचं उदाहरण शोधायला नागपूरकराला लांब जायची गरज नाही. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची तुकडी यांची जुंपली, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली. भोसल्यांची फौज इंग्रजांच्या कितीतरी पट. बंगालच्या सहाव्या घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड खाली आपल्या स्वारांसह थांबला होता. इंग्रजी इतिहासात गोष्ट अशी सांगतात: त्याने कर्नल स्कॉटकडे चार्ज करायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. पुन्हा मागितली, तेव्हा निरोप आला, करायचा तर स्वतःच्या जोखमीवर कर. "माझ्याच जोखमीवर," म्हणत तो सुटला आणि भोसल्यांच्या तोफांवर जाऊन आदळला. जिंकणाऱ्यांनी लिहिलेली गोष्ट आहे, मीठमसाला धरून चालावा. पण चार्जचा हल्ला आणि चार्जची जोखीम हे दोन्ही अर्थ एका वाक्यात भेटावेत, तेही बर्डीवर, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढे घोडा गेला, भाला गेला, लाठी उरली. ‘लाठीचार्ज’ हा अर्धा देशी, अर्धा विलायती शब्द इंग्रजांच्या राज्यात घडला आणि ते गेल्यावरही इथेच राहिला. त्याच टेकडीच्या परिसरात २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. तो दिवस आठवणाऱ्या माणसासमोर हा शब्द मी जपूनच उच्चारतो.

कार्यालयातला चार्ज निवांत असतो, पण वजनदार. माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले तेव्हा चार्ज घ्यायला पूर्ण दिवस लागला. डेडस्टॉक रजिस्टर उघडून खुर्च्या, फळे, नकाशे, पृथ्वीचा गोल, एकेक मोजायचं आणि सही करायची. शेवटी पितळी घंटा भरली नाही. सही केली तर घंटा मामांच्या डोक्यावर, नाही केली तर आधीचे गुरुजी मोकळे होत नाहीत. दोघं शिपायाला घेऊन गावभर हिंडले, घंटा मारुतीच्या देवळात निघाली. सरकारी मराठीने या चार्जला ‘कार्यभार’ म्हटलं ते अगदी चोख. एरवी सरकारी प्रतिशब्दांबद्दल माझं मत एवढं बरं नाही.

आरोपाचं गणितही ओझ्याचंच. इंग्रजीत माणसावर गुन्ह्याचं ओझं टाकतात. आपणही ठपका ‘ठेवतो’, आळ ‘घालतो’, आणि ‘आरोप’ या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थच वर चढवणे. कोर्टाच्या बातमीत मात्र इथे हमखास गफलत होते. पोलीस तपास संपवून जे दाखल करतात ते आरोपपत्र, म्हणजे चार्जशीट. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात त्याला नुसता ‘पोलीस रिपोर्ट’ म्हणतात. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १७३ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. दोषारोप ठेवायचा की नाही हे पुढे न्यायालय ठरवतं, आणि खरा ‘चार्ज’ तो. ‘चार्जशीट दाखल, आरोप निश्चित’ असा मथळा मी स्वतः कापला आहे.

पैशाचा अर्थ पंधराव्या शतकातला: खर्चाचं ओझं. एवढ्याच ठिकाणी मराठीने वेगळी वाट धरली. वीजबिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ लिहिलेलं असतं. हा आकार जमीन महसुलाच्या दप्तरातून आलेला. सातबाऱ्यावर आजही ‘आकारणी’ असते, तीच ही.

मागे एका कंपनीचं प्रसिद्धिपत्रक डेस्कवर आलं, संगणकाने मराठी केलेलं. त्यात वाक्य होतं: ‘पहिल्या वापरापूर्वी बॅटरीवर आठ तास आरोप करा.’ नवीन पोराने ते मोठ्याने वाचलं आणि सगळं डेस्क हसलं. मीही हसलो. मग ‘आरोप’ म्हणजे वर चढवणे हे आठवलं आणि यंत्र शब्दाच्या किती जवळून गेलं ते त्याला सांगावंसं वाटलं, पण पान सोडायला दहा मिनिटं उरली होती. ‘चार्ज करा’ लिहिलं आणि पान सोडलं.