संयुक्त कंपनी की पूर्ण मालकी : प्रेस नोट १८ ची पार्श्वभूमी

परदेशी कंपनी भारतात इथला भागीदार घेऊन उतरते की पूर्ण मालकीची उपकंपनी काढते, हे फक्त तिच्या मर्जीवर कधीच नव्हतं. परकीय चलनावर नियंत्रण ठेवणारा फेरा कायदा १९७४ च्या जानेवारीत लागू झाला आणि बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागला. एका शीतपेय कंपनीनं १९७७ मध्ये गाशा गुंडाळला. ज्या राहिल्या, त्यातल्या अनेकींनी शेअर जनतेला विकले. ते असंख्य लहान भागधारकांत विखुरले आणि कारभार होता त्याच हातात राहिला. १९९१ च्या जुलैत प्राधान्याच्या उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतची वाट मोकळी झाली, आणि पुढे अनेक क्षेत्रांत पूर्ण मालकीचीही.

इथूनच भांडण सुरू झालं. समजा, पिंपरीत सुट्या भागांचा कारखाना आहे. जागा, वीज, कामगार, गिऱ्हाईक इथल्या भागीदारानं जमवलं, तंत्र बाहेरून आलं. काही वर्षांनी परदेशी भागीदार म्हणतो, नवं मॉडेल आमच्या स्वतःच्या कंपनीत काढू. जुन्या कंपनीच्या वाट्याला जुनाच माल उरतो. हा धोका खरा होता.

डिसेंबर १९९८ ची प्रेस नोट १८, म्हणजे परदेशी गुंतवणुकीच्या धोरणाबाबतचं सरकारी पत्रक, त्यासाठी आली. ज्याचा भारतात आधीच संयुक्त उपक्रम किंवा तंत्रज्ञान करार आहे, त्याला 'त्याच किंवा संलग्न' क्षेत्रात नवी गुंतवणूक करायला सरकारी मंजुरी लागणार. व्यवहारात जुन्या भागीदाराचं ना-हरकत पत्रच मागितलं जाई. 'तेच' म्हणजे उद्योग वर्गीकरणाचा चार आकडी संकेतांक जुळणं, 'संलग्न' म्हणजे तीन आकडी. तीन आकडी गटात फार काही मावतं, त्यामुळे ज्याच्याशी स्पर्धाच नाही अशा भागीदारालाही त्या पत्राची किंमत वसूल करता येई. नवे गुंतवणूकदार सावध झाले. एकदा भागीदार घेतला की हात बांधले जाणार, तर घ्यायचाच कशाला? ज्याच्या रक्षणासाठी नियम केला, त्याच भागीदाराला तो नकोसा करून बसला.

जानेवारी २००५ मध्ये 'संलग्न' वगळलं आणि अट त्या तारखेपर्यंतच्या उपक्रमांपुरती ठेवली. नव्यांनी भागीदारांच्या हितसंबंधांत संघर्ष झाला तर काय, याचं कलम करारातच घालावं, असं सुचवलं. एप्रिल २०११ पासून अटच गेली. ज्यांनी नव्वदच्या दशकात नियमाच्या भरवशावर असं कलम न घालता सह्या केल्या होत्या, त्यांच्या हातात मग काहीच उरलं नाही.