इस्टरच्या पहाटे कबरस्तानात, आणि त्याच्या मागची गोष्ट

आमच्या जालन्याकडं इस्टरला, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाला, अजून उजाडलेलं नसतं तेव्हाच लोकं मेणबत्त्या न् फुलं घेऊन कबरस्तानात जातात, आजी-आजोबांच्या कबरी आदल्या दिवशीच धुवून, गवत उपटून ठेवलेल्या असतात, आणि पूर्वेकडं जरा तांबडं फुटायला लागलं की पाळकसाहेब गाणं सुरू करतात. मागं एकदा गल्लीतल्या एका काकांनी विचारलं, "म्हणजे तुमच्यातबी पुनर्जन्म हायेच की?" नाही काका, पुनर्जन्म वेगळा अन् पुनरुत्थान वेगळं. पुनर्जन्मात आत्मा दुसरं शरीर घेऊन परत याच फेऱ्यात येतो, पुनरुत्थानात तोच माणूस, त्याचंच शरीर बदलून, एकदाच, कायमचा उठतो. शेजारच्या मुसलमान दोस्ताला हे समजवायला लागत नाही, कारण कयामत, म्हणजे मेलेले उठायचा शेवटचा दिवस, त्यांच्यातही आहे, ईसा म्हणजे येशू परत येणार हेही आमच्यासारखंच त्यांच्यातही मानतात. आणि गंमत म्हणजे कयामत या अरबी शब्दाचं नातं सिरियाक या जुन्या भाषेतल्या ज्या शब्दाशी आहे, तो तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांचा पुनरुत्थानासाठीचाच शब्द.

आता हे पुनरुत्थान आलं कुठून? जुन्या करारात (बायबलचा पहिला भाग) बराच काळ मेलेला माणूस अधोलोकात जातो एवढंच होतं, पुढचं काही फारसं नाही. विषय पेटला तो इ.स.पू. १६७च्या सुमारास, जेव्हा ॲंटिओकस चौथा या ग्रीक राजानं यरुशलेमचं मंदिर विटाळलं आणि धर्म सोडत नाहीत म्हणून यहुद्यांना मारायला लागला. तेव्हा प्रश्न असा पडला की जो देवासाठीच मेला त्याचा हिशोब देव कधी करणार? त्याच करारातल्या दानिएलाच्या पुस्तकात, १२व्या अध्यायात, मातीत झोपलेले पुष्कळ जण उठतील असं स्पष्ट येतं ते याच छळाच्या सावलीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकात (हे कॅथलिक बायबलात आहे, आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात नाही) सात भावांची गोष्ट आहे, त्यातला तिसरा भाऊ हात पुढं करतो अन् म्हणतो की हे हात मला स्वर्गातून मिळालेत, तिथूनच परत मिळतील. मला वाटतं सगळं यातच आहे, नुसता आत्मा नाही, हात परत पाहिजेत.

तरी येशूच्या काळातही यावर एकमत नव्हतंच, यहुद्यांतलाच परूशी गट मानायचा, सदूकी गट साफ नाही म्हणायचा. ग्रीक लोकांना तर हसू यायचं. येशूचा प्रेषित पौल अथेन्सला अरीयपग नावाच्या सभेत मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर बोलला तर काहींनी थट्टा केली, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हिशोबानं शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग, सुटला एकदाचा, परत कशाला आत घालायचा!

पण खरी गोष्ट थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीची, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांची आहे. येशूला जाऊन वीसेक वर्षं झाली होती, साधारण इ.स. ५०, तो परत येणार, आता येईल मग येईल म्हणून मंडळी वाट बघत होती आणि मधेच त्यांच्यातली काही माणसं वारली. झाली ना पंचाईत. आपला बाप, आपली बाई गेली, आता प्रभू आल्यावर ते मागं राहणार का? पौलानं उत्तर लिहिलं की काळजी करू नका, जे ख्रिस्तात मेले ते आधी उठतील, मग आपण जिवंत असलेले त्यांच्याबरोबर मेघांत प्रभूला भेटायला घेतले जाऊ, आणि या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. म्हणजे बघा, हा उतारा सांत्वनाचं पत्र आहे, टाइमटेबल नाही. दफनाच्या वेळी आमच्याकडं अजून हाच वाचतात.

पुढं करिंथ या दुसऱ्या ग्रीक शहरातल्या लोकांनी विचारलं, उठल्यावर शरीर कसलं असणार? तर पौल म्हणतो, बी पेरता तेव्हा उगवणारं रोप पेरत नाही ना, नुसता दाणा पेरता. मृगात सरकी टोबणाऱ्या माणसाला यावर वेगळं प्रवचन लागत नाही. आणि मेलेल्याला 'झोपला' म्हणायची सवयही तेव्हाचीच, सिमेटरी हा शब्दच मुळात ग्रीकमधला, अर्थ झोपायची जागा.

नंतर शतकानुशतकं वाद चालला तो प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायातल्या हजार वर्षांवर. जस्टिन, आयरेनियस हे सुरुवातीचे ख्रिस्ती लेखक खरीखुरी हजार वर्षं ख्रिस्ताचं राज्य येणार म्हणायचे, ऑगस्टीन या धर्मपंडितानं पाचव्या शतकात सांगितलं की तो मंडळीचाच काळ समजा, आणि पश्चिमेकडं बहुतेक तेच चाललं. तो परत येईल आणि न्याय करील, मेलेले उठतील, एवढं मात्र इ.स. ३८१च्या मतांगीकारात, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत, पक्कं झालं आणि ते कॅथलिक, प्रॉटेस्टंट सगळे एकत्र म्हणतात.

आमच्याकडं हे आलं स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून. नारायण शेषाद्री, ब्राह्मण घरातले, १८४३ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याला आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल गाव वसवलं. त्यांच्या चर्चची शिकवण १६४०च्या दशकातल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रकाची: शरीर मातीला मिळतं, आत्मा लगेच देवाकडं जातो, शेवटच्या दिवशी दोन्ही परत जोडले जातात. मध्ये आत्मा झोपतो वगैरे नाही. आमच्या म्हाताऱ्या माणसांना पत्रकाचं नाव ठाऊक नसतं पण बोलतात नेमकं तेच.

'रॅप्चर' मात्र तिथलं नाही. मंडळीला आधी गुपचूप उचलून घेणार, मग सात वर्षं संकट, हा आराखडा १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकानं मांडला, १९०९च्या स्कोफिल्ड बायबल या टिपा घातलेल्या बायबलातून तो पसरला आणि कन्व्हेन्शन म्हणजे मोठ्या प्रवचन-सभांमधून, आता यूट्यूबवरून आमच्याकडंही पोचला. पोरं म्हणायलेत हे बायबलात पहिल्यापासून आहे, तर बाबांनो, ओव्या (बायबलातली वचनं) जुन्या आहेत, जोडणी नवी आहे.

येशू कधी येणार याच्या तारखा काढणाऱ्यांचं तर विचारूच नका. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती, कितीकांनी शेतातलं पीक तसंच सोडलं, दुसरा दिवस नेहमीसारखा उजाडला. त्यातूनच सावरलेल्यांचं पुढं १८६३ला सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट चर्च झालं. २०११ला हॅरॉल्ड कॅम्पिंग या अमेरिकी रेडिओ-प्रचारकानं २१ मे सांगितली, मग २१ ऑक्टोबर. २०२५च्या सप्टेंबरात परत तेच, फॅमिली ग्रुपवर फॉरवर्डचा पाऊस, एका मावशीनं तर माझ्याकडं विचारणा केली की आरडीचा हप्ता भरू का नको. भरा म्हटलं. मत्तय २४:३६ला येशू स्वतः म्हणतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, आणि थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रात तर इशाराच आहे की आमच्या नावानं पत्र आलं, प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय म्हणून, तरी गडबडून जाऊ नका. म्हणजे खोटे फॉरवर्ड पहिल्या शतकातही होतेच.

राहिला काकांचा दुसरा प्रश्न, की तुम्ही जाळत का नाही, पुरता का? जाळलं तर देव उठवू शकत नाही असं कोणी शिकवत नाही, कॅथलिक चर्चनं १९६३पासून दहनाला परवानगी दिलीच आहे. पण आमच्याकडं पुरतात, आणि जुन्या ख्रिस्ती रिवाजात पाय पूर्वेकडं ठेवतात, का तर उठल्यावर तोंड थेट येणाऱ्याकडं असावं. इस्टरच्या पहाटे मेणबत्ती लावताना आपण पायथ्याशी उभे असतो, पाठीमागं तांबडं फुटत असतं, आणि आजी त्याच दिशेला निजलेली असते.