जुन्या .२२ पिस्तुलाचं मॅगझिन नीट बसत नाही? पक्कड उचलण्याआधी हे वाचा

'पिस्तूल जाम होतंय' म्हणून कुणी जुनं .२२ आमच्या शस्त्रदुरुस्तीच्या टेबलावर ठेवलं की आम्ही आधी मॅगझिन (काडतुसं भरायची डबी) मागतो. बऱ्याचदा ते घरी राहिलेलं असतं. किंवा आणलेलं असतं, पण त्याचे लिप्स कुणीतरी पकडीने दाबून ठेवलेले असतात. घरी राहिलं तर तुमची एक फेरी वाया जाते. दाबलेलं असलं तर मॅगझिनच हातचं जातं, आणि बंद झालेल्या मॉडेलचं मॅगझिन मिळवायला काय यातायात पडते ते नेमबाजांना सांगायला नको.

लिप्स म्हणजे मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या पत्र्याच्या दोन कडा. वरचा राउंड (काडतूस) किती उंचीवर थांबेल, त्याचं नाक कुठल्या कोनात राहील आणि बोल्टने (पुढे-मागे सरकणाऱ्या भागाने) ढकलल्यावर तो नेमका कधी सुटेल, हे सगळं या दोन कडा ठरवतात. त्यात .२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली रिम असते आणि गोळी मऊ शिशाची. कडा केसभर जास्त आवळली तर राउंड उशिरा सुटतो आणि नाक चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या) खालच्या काठावर आपटतं. सैल झाली तर राउंड आधीच उसळतो. घरगुती पकडीने दोन्ही कडा सारख्या वाकवणं जवळपास अशक्य आहे. शिवाय एकदा मागेपुढे वाकवलेला पत्रा पुढे तिथेच चिरतो. आम्ही लिप्स सरळ करतो ते मापाच्या ठोकळ्यावर, आणि तेही बाकी सगळं तपासून झाल्यावर. बरं, बहुतेक वेळा दोष लिप्समध्ये नसतोच.

तो कुठे आहे हे तुम्ही स्वतः शोधू शकता. प्रत्येक मॅगझिनच्या तळावर मार्करने १, २, ३ असे आकडे टाका. रेंजवर जाम झालं की कितव्या मॅगझिनला आणि कितव्या राउंडला झालं ते लिहून ठेवा. त्रास सारखा २ नंबरलाच होत असेल तर दोष त्या मॅगझिनचा. सगळ्यांनाच होत असेल तर पिस्तुलाचा: कॅच (मॅगझिन अडकवून धरणारी खिट्टी), एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा आकडा) किंवा चेंबरमध्ये साठलेली घाण. एवढी चिठ्ठी सोबत आणलीत तर आमचं निम्मं काम झालेलं असतं आणि तुमचं बिलही त्याच हिशेबाने उतरतं.

दोष पिस्तुलाचा निघाला तर आम्ही पहिला संशय कॅचवर घेतो. वर्षानुवर्षं मॅगझिन धाडकन आत मारल्याने कॅचची धार गोल होते, किंवा मॅगझिनवरची खाच झिजते. मग मॅगझिन अडकल्याचा आवाज येतो खरा, पण ते थोडं खालीच राहतं आणि बोल्ट राउंडच्या डोक्यावरून निघून जातो. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करा, रिकामं मॅगझिन लावा आणि तळाला बोटाने वर दाबून बघा. ते जाणवण्याइतकं वर सरकत असेल तर लिप्सना हात लावू नका, पिस्तूल घेऊन या. भरलेल्या मॅगझिनची चाचणी फक्त रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून. घरी कधीच नाही.

पावसाळ्यात एक वेगळीच तक्रार येते. मॅगझिन मुठीत बसणारं पिस्तूल असेल आणि त्याला लाकडी ऑर्थोपेडिक ग्रिप (हाताच्या आकाराला घडवलेली मूठ) असेल, तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि मॅगझिनला घासू लागतं. ग्रिप काढून मॅगझिन लावून बघा. सुरळीत बसलं तर दोष लाकडाचा. ग्रिपचा नवा स्क्रू लांब निघाला आणि त्याचं टोक आत आलं, असंही होतं. दोन्ही कामं आम्ही तुम्ही थांबलेले असतानाच करून देतो.

दिसायला सारखं म्हणून घेतलेलं मॅगझिन हा आणखी एक घोळ. रुगर मार्क वनचं मॅगझिन ९ राउंडचं, १९८२ साली आलेल्या मार्क टूचं १० राउंडचं, आणि दोन्हींत फॉलोअरचं (राउंड वर ढकलणाऱ्या तुकड्याचं) बटण उलट्या बाजूंना असतं. मार्क थ्रीमध्ये तर कॅचच मुठीच्या तळातून उचलून ट्रिगरच्या मागे आणला, त्यामुळे खाचही बदलली. वाल्थर जीएसपीचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे लागतं. तेच पिस्तूल .३२ मध्येही येतं, पण त्याचं मॅगझिन .२२ ला चालत नाही. 'थोडी कानस मारून पिस्तुलातच बसवून द्या' असा आग्रह होतो. आम्ही ते करत नाही. मॅगझिन बदलता येतं, फ्रेमवरून कानसलेला धातू परत येत नाही.

सफाईबद्दल थोडक्यात. .२२ च्या गोळीवरचं मेण आणि दारूची काजळी मिळून आत चिकट थर होतो. मॅगझिन उघडून पुसा आणि कोरडंच ठेवा. आत तेल नको, खोबरेल तर मुळीच नको, थंडीत ते गोठतं. स्प्रिंग काढताना तिची दिशा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उलटी बसवलेली स्प्रिंग इथे नेहमी बघायला मिळते. भरताना फॉलोअरचं बटण पूर्ण खाली ओढून राउंड आत टाकू नका. एका राउंडपुरतंच दाबा, आणि वरच्या राउंडची रिम खालच्या रिमच्या पुढे राहील असं बघा. ती मागे राहिली की दोन्ही राउंड एकमेकांत अडकतात. आणि स्पर्धेत जाम झालंच तर नळी टार्गेटकडे ठेवून हात वर करा. पंचांनी बघायच्या आत बोल्ट ओढलात तर ते जाम धरलं जात नाही.

फोनवर खर्च का सांगत नाही, असं विचारलं जातं. मॅगझिन आणि पिस्तूल एकत्र हातात आल्याशिवाय सांगितलेला आकडा हा अंदाजच, आणि तो वाढला की वाईटपणा आमच्याकडे. तपासणीचं शुल्क आहे, पण काम आमच्याकडेच केलंत तर ते बिलातून वजा होतं. कृपया कुरिअरने काही पाठवू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही 'शस्त्र' याच व्याख्येत येतात, त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून मॅगझिन मागवतानाही तेच ध्यानात ठेवा.

येताना मूळ लायसन्स आणा आणि लायसन्सधारकाने स्वतः या. क्लबचं पिस्तूल असेल तर क्लबचं पत्र लागेल. पिस्तूल रिकामं आणि केसमध्ये, सगळी मॅगझिन्स (खराब म्हणून बाजूला टाकलेलीसुद्धा), आणि तुम्ही वापरता त्या काडतुसांच्या ब्रँडचं नाव. काडतुसं आणू नका, मापाचे डमी (दारू नसलेले) राउंड आमच्याकडे आहेत. हिवाळ्यातल्या स्पर्धांच्या तोंडावर रांग लागते, दिवाळीच्या आधी आलात तर काम लवकर हातात मिळेल.